वॉर्डातले रस्ते आणि कांसावरचा पूल : बडोद्यातल्या कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

नवरात्र संपलं, रस्त्यांतले मांडव उतरले, पाऊसही ओसरला. आजपासून काम सुरू. आमच्या वॉर्डातले डांबरी रस्ते, गल्ल्या आणि कांसावरचा एक छोटा पूल यांची नोंदवही करायची. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत, शेवटचा केव्हा केला, आज कसा आहे आणि त्याला आता काय हवंय, एवढं त्यात असायला हवं. (बाहेरच्या वाचकांसाठी : कांस म्हणजे पावसाचं पाणी विश्वामित्री नदीकडे नेणारा मोठा नाला. भूखी कांस, मसिया कांस अशा कितीतरी कांशी शहरातून जातात.)

९ जुलैला पादरा तालुक्यात मुजपुरजवळ मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा भाग कोसळला. गाड्या नदीत गेल्या, माणसं गेली. तो पूल १९८५चा, म्हणजे चाळीस वर्षांचा. त्यानंतर आमच्या सोसायटीत एकच प्रश्न चालला होता : रोज मुलांची रिक्षा ज्यावरून जाते, तो आपला पूल ठीक आहे का? उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण त्या पुलाचा साधा कागदही कोणी पाहिलेला नव्हता. राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांना क्रमांक देऊन त्यांची एकत्र नोंद ठेवायला केंद्राने २०१६मध्ये सुरुवात केली. शहरातल्या कांसावरचे छोटे पूल त्यात येत नाहीत. ते आपणच मोजायचे.

मी सिव्हिल शिकवते. शेवटच्या वर्षाचे काही विद्यार्थी सोबत आहेत, सोसायटीतले एक निवृत्त ओव्हरसियर काका आहेत. असं काम करू पाहणाऱ्या इतरांना उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

११ ऑक्टोबर

रस्त्याचे तुकडे पाडायला घेतले. नकाशावर दर ५० मीटरला रेघ मारून फोनच्या जीपीएसने जागा शोधायची, असं ठरलं होतं. मोठ्या रस्त्यावर ते जमलं. जुन्या पोळीत (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाटीची वस्ती), दोन्हीकडे तीन-तीन मजली घरं असतात तिथे, ठिपका एका घरावरून पलीकडच्या गल्लीत उड्या मारत होता. अख्खी सकाळ गेली. शिवाय ५० मीटरची रेघ नेमकी नव्या-जुन्या डांबराच्या मधोमध पडली की एकाच तुकड्यात दोन वेगळे रस्ते येतात आणि गुणांना अर्थ उरत नाही.

आता पद्धत बदलली. जिथे रुंदी, थर किंवा वय बदलतं तिथे तुकडा तोडायचा, आणि त्याची हद्द विजेच्या खांबाच्या क्रमांकाने लिहायची. खांब हलत नाहीत, क्रमांक रंगवलेला असतो, आणि पुढच्या वर्षी दुसरं कोणी आलं तरी त्याला तीच जागा सापडते. स्प्रे-पेंटने रस्त्यावर खुणा करू नका. चार दिवसांत टायरखाली पुसल्या जातात, पैसे वाया जातात.

खर्च : गवंड्याची ३ मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी ९५० रुपये, मोजचाक १,९०० रुपये. पाणसळ, लाइनदोरी आणि फीत काकांकडे होतीच.

१२ ऑक्टोबर

एका विद्यार्थ्याने फोनवर रस्त्याचा खडबडीतपणा मोजणारं अॅप आणलं. फोन स्कूटरला बांधला आणि एकाच रस्त्यावर पुन्हापुन्हा फेऱ्या मारल्या. दर फेरीला आकडा वेगळा. चालवणारा बदलला की वेगळा, टायरमध्ये हवा भरली की वेगळा. कारण उघड आहे. खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गणितावर बेतलेला आहे, आपल्याकडचं बंप इंटिग्रेटर हे खडबडीतपणा मोजायचं यंत्रही ताशी ३२च्या ठरलेल्या वेगाने ओढतात. आमच्या गल्लीत गाय, हातगाडी आणि उलट्या दिशेने येणारी रिक्षा. स्थिर वेग मिळणार कुठून? लांब, मोकळा रस्ता असेल तर हे साधन कामाचं आहे. गल्लीसाठी सोडून दिलं.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतर डोळ्यांनी पाहून गुण देणं सुरू केलं. आयआरसी ८२ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची देखभालीची संहिता) डांबरी रस्त्यासाठी सोपी रीत दिली आहे. भेगा, खडी सुटणं, खड्डे, जुने पॅच, खचलेला भाग, चाकोरीची खोली अशा प्रत्येक दोषाला १ ते ३ गुण. १ म्हणजे वाईट, ३ म्हणजे चांगला.

एकाच तुकड्याला तिघांनी तीन वेगळे गुण दिले. म्हणून आधी पाच तुकडे सगळ्यांनी मिळून पाहिले, फितीने क्षेत्रफळ मोजलं, वाद घातला आणि मग स्वतंत्र नोंदी सुरू केल्या. त्यानंतर फरक फारच कमी झाला. हा सरावाचा दिवस कोणीही टाळू नये. फोटोत पट्टी किंवा निदान पेन ठेवलाच पाहिजे. पहिल्या फेरीचे सगळे फोटो बाद झाले, कारण भेग २ मिलिमीटरची की १२ची हे त्यांत कळत नव्हतं.

भेगांचा प्रकार नीट लिहायला हवा, सगळं पुढचं काम त्यावर अवलंबून आहे. सुट्या लांब किंवा आडव्या भेगा भरता येतात. मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं की खालचा थर थकलेला आहे. तिथे वरून इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) ओतून काही साधत नाही, तो भाग खणून खालपासून करावा लागतो. मगरी असलेल्या विश्वामित्रीकाठच्या बडोद्याच्या मुलांना मगरीची पाठ समजावून सांगावी लागली नाही.

२ नोव्हेंबर

अवकाळी सरी आल्या आणि मी सगळ्यांना छत्र्या घेऊन बाहेर काढलं. कोरड्या दिवशी चांगल्या वाटलेल्या रस्त्यावर पाणी कुठे थांबतं ते पावसातच दिसतं. थांबलेल्या प्रत्येक डबक्याभोवती खडूने रेघ मारली, फोटो घेतला, खांब क्रमांक लिहिला. पाणी ओसरल्यावर लाइनदोरी आणि पाणसळ लावून उतार मोजला. सात मीटर रुंद डांबरी रस्ता मधोमध कडेपेक्षा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे दोन ते अडीच टक्के उतार. आमच्या वॉर्डात बऱ्याच ठिकाणी उतार जवळजवळ नाहीच, आणि दोन गल्ल्यांत तो उलटा, घरांकडे आहे.

याचं कारण थरावर थर. दर काही वर्षांनी जुनं डांबर न खरवडता वर नवा थर टाकला जातो. एका गल्लीत खणलेल्या चरात आम्ही डांबराचे चार थर मोजले. घराचा ओटला पूर्वी रस्त्यापासून दोन पायऱ्या वर होता, आता रस्त्याच्या पातळीला आलाय. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली, तेव्हा या घरांत पाणी शिरायला आडकाठी उरली नव्हती. तिथल्या आजींनी भिंतीवरची पुराची रेघ दाखवली. "रस्ता वर आला आणि आम्ही खाली गेलो," म्हणाल्या. नोंदवहीत एक नवा रकाना घातला : ‘आधी खरवडणे आवश्यक, हो/नाही’. बडोद्यासारख्या शहरात हा रकाना भेगांच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आहे.

९ नोव्हेंबर

खड्डे भरण्याची चाचणी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर केली. तो खाजगी आहे, परवानगीचा प्रश्न नाही. पिशवीतलं तयार थंड मिश्रण वापरलं.

पहिला खड्डा नेहमी भरतात तसा भरला. माती झटकली, मिश्रण ओतलं, फावड्याने थापलं. दुसरा रीतसर : कडा छिन्नीने चौकोनी आणि उभ्या कापल्या, सुटी खडी काढली, ब्रशने धूळ साफ केली, तळाला आणि कडांना इमल्शनचा पातळ हात दिला, मिश्रण दोन थरांत भरून प्रत्येक थर धुमसाने ठोकला, वरचा पृष्ठभाग किंचित उंच ठेवला. तिसराही रीतसरच भरला, पण त्याच्या तळाशी ओल होती.

दुसऱ्याला पहिल्याच्या तिप्पट वेळ लागला. मजूर नको म्हणत होता, कारण त्याला रोज किती खड्डे भरले यावर पैसे मिळतात. हिशोब असा खड्ड्यांच्या संख्येवर असला की पहिली पद्धतच चालू राहणार.

१६ नोव्हेंबर

पहिला खड्डा उघडला. पातळ कडांखाली पाणी शिरलं आणि टायरने मिश्रण उडवलं. दुसरा जागेवर. तिसरा मधोमध फुगून फुटला. खणून पाहिलं तर पाण्याच्या जोडणीतून थेंब थेंब गळती होती. प्लंबर बोलावला, जोड बदलला, मग पुन्हा भरला. गळती असेल तर भरण्याआधी पाइप. यात दोन आठवडे गेले तरी चालतील.

२३ नोव्हेंबर

आज पूल. वरून सुरुवात केली. आरसीसी स्लॅबचा पूल, दोन गाळे (गाळा म्हणजे दोन आधारांमधला भाग), प्रत्येक गाळा ८ मीटरच्या आसपास. एवढ्या लहान गाळ्यात स्लॅब बहुधा डांबरी कागदावर टेकवलेला असतो, मोठ्या पुलासारखी रबरी बेअरिंगं नसतात. कठडा ठीक. दोन गाळ्यांमधला सांधा कुठे आहे ते शोधावं लागलं, कारण त्यावरूनही डांबर ओढलेलं. त्या जागी आडवी भेग पडली आहे, आणि तिच्यातून पाणी थेट पिअरच्या (पुलाच्या मधल्या खांबाच्या) डोक्यावर उतरतं.

पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या कठड्याच्या कडेला असायला हव्यात. एकही दिसेना. काकांनी खालून नळ्यांची तोंडं मोजली आणि वर त्याच अंतरावर कुदळीने टोकरलं. डांबर आणि मातीच्या थराखाली त्या सापडल्या. सगळ्या बंद. नळीच्या तोंडावरून डांबराची जाडी मोजता आली : मूळ थरावर सुमारे १० सेंटिमीटर जास्तीचं. डांबरी थराचं वजन घनमीटरला सव्वादोन ते अडीच टन धरा. म्हणजे दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या वर. ८ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद अशा एका गाळ्यावर साडेतेरा टनांहून जास्त न मोजलेला, कायमचा भार. हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात शांतता पसरली. पुलावर डांबर वाढवणं म्हणजे पुलाची गाड्या पेलायची ताकद कमी करणं. ही एक ओळ प्रत्येक कंत्राटाच्या कागदावर छापलेली असायला हवी.

मग खाली. कांसात उतरलो नाही. विश्वामित्रीतल्या मगरी पाणी चढलं की कांशींतून वर येतात, आणि पाणी ओसरल्यावर एखादी मागे राहते. कोणीही हौसेने उतरू नये. काठावरून दुर्बीण, आणि लांब बांबूला फोन बांधून व्हिडिओ. पहिल्या व्हिडिओत फक्त अंधार आला. दुसऱ्यांदा बांबूला टॉर्चही बांधला आणि सकाळी नऊला, तिरपं ऊन आत येत असताना गेलो. तेव्हा नीट दिसलं.

स्लॅबच्या तळाला, बंद नळ्यांच्या बाजूने पांढऱ्या क्षारांचे ओघळ. दोन ठिकाणी गंजाचा तांबूस डाग. एका कडेला कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) सुटून सळी उघडी. नळ्यांची खालची तोंडं स्लॅबच्या तळाशीच संपतात. ती खाली पुढे आलेली हवीत, नाहीतर पाणी टपकण्याऐवजी तळाला चिकटून पसरतं. अबटमेंटच्या (काठावरच्या आधारभिंतीच्या) सांध्यात पिंपळ रुजला आहे. तो वरून छाटून उपयोग नाही, मुळासकट काढून सांधा भरावा लागतो. कठड्याला टांगलेल्या केबल आणि पाइपांमध्ये प्लास्टिकचा कचरा अडकून पाण्याची वाट अर्धी झाली आहे.

पाण्याने पायाजवळची माती वाहून नेली आहे का ते दोरीला वजन बांधून वरून सोडून मोजलं. पिअरच्या दोन्ही अंगांना आणि मधल्या भागात खोली लिहून ठेवली. एकदाच मोजलेली खोली काही सांगत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी मोजली की फरक कळेल.

७ डिसेंबर

लेखी परवानगी मिळाल्यावर कॉलेजचा रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कडकपणा मोजायचं साधन) नेला. हातोडीने टकटक करून पोकळ आवाजाचे भाग आधी आखले आणि ते वगळून हॅमर लावला. आकडे अपेक्षेपेक्षा चांगले आले. मुलं खूश झाली, पण मी थांबवलं. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट होतो, कडक होतो, आणि हॅमरचा आकडा फुगतो. खाली पडलेला कव्हरचा एक तुकडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण टाकलं. आतलं काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होतं. इथे सळीपर्यंतची पूर्ण जाडी बिनरंगाची राहिली. याचा अर्थ सळीला गंजापासून वाचवणारा क्षारधर्म त्या ठिकाणी संपला आहे. म्हणून स्वस्त हॅमरच्या आकड्यावर कोणीही पुलाला ‘सुरक्षित’ म्हणू नये.

आमचा निष्कर्ष जेवढा पुरावा तेवढाच लिहिला : लगेच पडेल असं काही दिसत नाही, पाणी थांबवलं नाही तर सळ्यांचा गंज वाढत जाईल, अधिकृत तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी हवी.

१४ डिसेंबर

रस्त्यांचं वय कळायला माहिती अधिकाराचा अर्ज केला होता. शुल्क २० रुपये, मुदत ३० दिवस. पहिल्या अर्जात आम्ही ‘रस्ता इतक्या लवकर का उखडला?’ असं विचारलं, आणि उत्तर आलं की अशी माहिती अभिलेखात नाही. महिना गेला. कायदा कागद देतो, कारणं देत नाही. दुसऱ्या अर्जात फक्त कागद मागितले : कार्यादेश, काम पूर्ण झाल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी, मापन पुस्तिकेची प्रत.

११ जानेवारी २०२६

कागद आले. काही तुकड्यांचा दोषदायित्व कालावधी अजून चालू आहे. तिथली दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ते तुकडे लाल शाईने वेगळे काढले, तारखा फळ्यावर लावल्या. एवढ्या एका रकान्याने सगळ्या अर्जांची मेहनत वसूल झाली.

१८ जानेवारी

उत्तरायणाच्या गर्दीनंतर एका चेंबरजवळ ताटाएवढा गोल भाग दबलेला दिसला. कोरड्या दिवसांत तिथे ओल. लोखंडी गज आपटला तर पोकळ आवाज. वरून डांबर अखंड, खाली माती नाही. ड्रेनेजच्या जुन्या पाइपाच्या सांध्यातून माती आत ओढली जाते, पोकळी वर चढत येते आणि एका दिवशी चाकाखाली भुवा, म्हणजे रस्त्यात खचून पडलेलं मोठं भगदाड, पडतो. लगेच दोरी बांधली, दगड ठेवले, झोन ऑफिसला फोटोसह कळवलं. दुसऱ्या दिवशी खणलं तेव्हा माणूस उभा राहील एवढी पोकळी होती. गज घेऊन चालणं हे आता आमच्या प्रत्येक फेरीचा भाग आहे.

२५ जानेवारी

सोसायट्यांच्या प्रतिनिधींची बैठक. यादी मांडली आणि वाद पेटला.

आम्ही तीन गट केले होते. पहिला, अजून चांगले असलेले पण भेगा सुरू झालेले आणि खडी सुटू लागलेले रस्ते : त्यांच्या भेगा भरा, इमल्शनचा फवारा किंवा मायक्रोसर्फेसिंग करा. मायक्रोसर्फेसिंग म्हणजे ४ ते ८ मिलिमीटरचा पातळ थर, त्यामुळे ओटल्याची उंचीही वाचते. दुसरा, खालपासून गेलेले : खणून नव्याने करा. तिसरा, जिथे आधी पाइप बदलायचा आहे : तोवर डांबराला हात लावू नका. पैसे पहिल्या गटापासून खर्च करा असं आम्ही सुचवलं.

वॉर्डातल्या सर्वात वाईट गल्लीतले एक काका उठले. "आम्ही चार वर्षं धुळीत राहतोय, आणि तुम्ही चांगल्या रस्त्याला आधी मलम लावणार?" त्यांचा संताप खरा आहे. मी त्यांना नोंदवही दाखवली. त्यांच्या गल्लीत खालचा थर गेलेला, शिवाय ड्रेनेज बदलण्याचं काम मंजूर. आज डांबर टाकलं तर ते काही महिन्यांत खणलं जाईल. त्या गल्लीचा खर्च आता पूर्ण पुनर्बांधणीचा आहे, तो पुढच्या वर्षीही जवळपास तेवढाच राहील. पण शेजारच्या पाच रस्त्यांना आज भेगा भरल्या नाहीत तर दोन-तीन पावसाळ्यांत तेही याच गटात येतील, आणि मग यांच्या गल्लीसाठी पैसेच उरणार नाहीत.

ते लगेच पटले नाहीत. मग दोन गोष्टी लेखी ठरल्या : अपघात होईल असा खड्डा कोणत्याही गटातला असो, आठवड्यात रीतसर भरायचा, आणि ड्रेनेजचं काम पूर्ण होताच त्यांची गल्ली खरवडून, ओटले पूर्वीसारखे वर राहतील अशा जुन्या पातळीला, उतार देऊन करायची. त्यांनी सही केली. मला हे न्याय्य वाटतं. ज्यांना थांबायला सांगतो त्यांना तारीख आणि पातळी दोन्ही लिहून द्यायला हवी.

१५ फेब्रुवारी

सोसायटीच्या रस्त्यावरच्या भेगा भरल्या. थंडीत भेगा उघडलेल्या असतात, म्हणून हीच वेळ योग्य. निव्वळ इमल्शन उताराकडे वाहून गेलं, एक डबा फुकट. नंतर रुंद भेगांत इमल्शनसोबत दगडाची भुकटी वापरली, ती बसली. भेग आधी हवेच्या पंपाने फुंकून काढणं अत्यावश्यक, झाडूने पुरत नाही. इमल्शन, भुकटी, पंपाचं भाडं आणि दोन मजूर मिळून ७,४०० रुपये. हाच रस्ता नव्याने करण्यासाठी सोसायटीने घेतलेला अंदाज यापेक्षा कित्येक पटींनी जास्त होता.

१ मार्च

पुलाच्या सगळ्या नळ्या झोन ऑफिसच्या मुकादमाने माणसं लावून मोकळ्या केल्या. खालून पीव्हीसीचे तुकडे जोडून त्या स्लॅबच्या तळापासून खाली काढल्या. बादलीभर पाणी ओतून प्रत्येक नळी तपासली. एक अजून अडते. पिंपळ काढला, सांधा भरायचा बाकी. जास्तीचं डांबर खरवडण्याचा आणि सविस्तर तपासणीचा प्रस्ताव पुढे गेला आहे, त्याची प्रत नोंदवहीत लावली.

१५ मार्च

नोंदवहीची गुजराती प्रत झोन ऑफिसला दिली, दुसरी वाचनालयात ठेवली, तिसरी मुलांच्या संगणकावर. पुढची फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात : नळ्या, सांधा, कांसातला कचरा, दबलेले गोल भाग. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सगळे तुकडे पुन्हा, त्याच खांबांपासून त्याच खांबांपर्यंत, आणि पिअरजवळची दोरी पुन्हा त्याच जागी. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आतापासून सोबत फिरवतोय, कारण यंदाची मुलं जूनमध्ये पास होऊन जातील.